विनामूल्य व्हर्च्युअल असिस्टंट प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातील एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही नवशिक्यांसाठी व्हर्च्युअल असिस्टंटच्या कामाचा विनामूल्य वर्ग चालवतो. व्हॉट्सअॅपवर, फोनवर आणि वाचनालयाच्या जिन्यातही तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे नक्की काय? अलेक्सा किंवा सिरीसारखं काही बनवायला शिकवता का?

नाही. त्या आवाजावर चालणाऱ्या प्रणालींनाही हेच नाव आहे, त्यामुळे हा गोंधळ होतो. आमच्या वर्गात ज्याचे शिक्षण दिले जाते तो व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे हाडामांसाचा माणूस. पूर्वी मोठ्या कार्यालयात साहेबांचे स्वीय सहायक जे काम शेजारच्या टेबलापाशी बसून करीत, तेच काम तो आपल्या घरून, इंटरनेटच्या आधारे करतो. क्लायंटचा मेल चाळून तातडीचे काय ते वेगळे काढणे, भेटीच्या वेळा ठरवणे, प्रवासाची आरक्षणे करणे, बिले पाठवून थकबाकीची आठवण देणे, शीटमध्ये हिशेब लावणे, समाजमाध्यमांवरील पोस्ट ठरल्या वेळी लावणे, ही त्यातली नेहमीची कामे होत. क्लायंट बहुधा एकटे काम करणारे असतात: सल्लागार, दंतवैद्य, लेखक, ऑनलाइन दुकान चालवणारे.

२. मग हे डेटा एन्ट्रीच झालं ना?

डेटा एन्ट्री हा या कामाचा एक लहानसा भाग आहे. डेटा एन्ट्रीत समोरच्या कागदावर जे आहे ते जसेच्या तसे भरायचे असते. येथे मात्र कागदावर काही चुकलेले दिसले तर ते क्लायंटच्या नजरेस आणून द्यायचे असते, आणि त्यासाठीच पैसे मिळतात. एका शीटमध्ये ३१ जूनची भेट लिहिलेली असेल, तर ती तशीच उतरवणारा टंकलेखक झाला आणि ‘जूनला ३० दिवस असतात, आपल्याला ३० तारीख अभिप्रेत आहे की १ जुलै?’ असे विचारणारा सहायक झाला. ‘घरबसल्या डेटा एन्ट्री’च्या जाहिरातींविषयी प्रश्न १४ अवश्य वाचावा.

३. मी बारावीपर्यंतच शिकले आहे आणि एमएस-सीआयटी केलं आहे. चालेल का?

चालेल. पदवीची अट आम्ही ठेवलेली नाही, कारण क्लायंट ती क्वचितच विचारतात. एमएस-सीआयटी केलेल्यांना फाइल, फोल्डर आणि शीट यांची ओळख असते, त्यामुळे त्यांचा पहिला आठवडा सोपा जातो. शासनाच्या टंकलेखन परीक्षेचे ३० किंवा ४० शब्दांचे प्रमाणपत्र असल्यास उत्तमच, पण नसल्यास वर्गात रोज २० मिनिटे सराव करून घेतला जातो. प्रवेशाच्या वेळी आम्ही एकच लहान चाचणी घेतो: एक पानभर अव्यवस्थित मजकूर देतो आणि त्यातील तारखा, नावे व रकमा तक्त्यात मांडण्यास सांगतो. वेगाला गुण नाहीत. एखादी गोष्ट स्पष्ट नसताना उमेदवाराने ती विचारली की मनानेच भरून टाकली, एवढेच आम्ही पाहतो.

४. माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना हे जमतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा फोन ठेवता ठेवता, दबक्या आवाजात येतो. परदेशी क्लायंटसाठी लेखी इंग्रजी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र या कामात जे इंग्रजी लागते ते भाषणाचे किंवा निबंधाचे नसून चार ओळींच्या पत्राचे आहे. काम मिळाले, इतके झाले, एवढे राहिले, या एका गोष्टीवर तुमचा निर्णय हवा आहे: असे पत्र लहान वाक्यांत आणि बिनचूक लिहिता आले की नव्वद टक्के दिवस निभावतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. वर्गात सुरुवातीला प्रत्येक पत्र आधी मराठीत लिहून घेतले जाते. विचार मराठीत नीट लागला नसेल तर तो इंग्रजीत लागत नाही, आणि इंग्रजीच्या नावाखाली दिसणाऱ्या कित्येक चुका प्रत्यक्षात अर्धवट विचाराच्या असतात, हे त्यातून विद्यार्थ्यांच्या लक्षात येते.

बोलण्याची भीती असल्यास लेखी कामापासून सुरुवात करावी. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील लहान व्यावसायिकांकडे मराठीतून चालणारे कामही असते: रुग्णांना भेटीची आठवण देणे, दुकानाच्या ऑर्डरी नोंदवणे, गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार सांभाळणे. शुद्ध मराठी टंकलेखन करणारा माणूस मिळत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडून मी वारंवार ऐकली आहे.

५. लॅपटॉप नाही. मोबाइलवर शिकता येईल का?

ऐकता येईल; शिकता येणार नाही. दोन शीट शेजारी ठेवून ताळा पाहणे मोबाइलवर होत नाही. वर्गात वापरण्यासाठी देणगीतून मिळालेले काही जुने लॅपटॉप आहेत आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांना ते सरावाच्या वेळेत दिले जातात. पुढे स्वतःचा घ्यायचा झाल्यास ८ जीबी रॅमचा चांगल्या स्थितीतील वापरलेला लॅपटॉप पुरतो. नवा घेण्यासाठी पहिल्या कामाआधी कर्ज काढू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

विजेचा विचार आधीच करून ठेवावा. महावितरणचा देखभालीचा दिवस ठाऊक असतो, तेव्हा त्या दिवशीच्या कामाची वेळ क्लायंटला आदल्या दिवशीच कळवावी. मोबाइलचा हॉटस्पॉट आणि भरलेली बॅटरी यांवर दोन तास निघतात.

६. खरंच फुकट आहे का? मग तुम्हाला काय मिळतं?

शुल्क, अनामत, पुस्तकांचे पैसे, पहिल्या पगारातील हिस्सा, यांपैकी काहीही घेतले जात नाही. शिकवणारे आम्ही सर्व जण स्वतः याच कामावर पोट भरतो, वाचनालय खोलीचे भाडे घेत नाही आणि दुपारी २ ते ३.३० ही वेळ आमच्या क्लायंटच्या देशांत दिवस नीट सुरू होण्याआधीची आहे, त्यामुळे वर्गाला खर्च फार थोडा येतो. मला हे काम एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी काहीही न घेता शिकवले होते, आणि त्यांनी परतफेड म्हणून ‘पुढच्या दोघींना शिकव’ एवढेच मागितले होते.

तरीही हा प्रश्न विचारणाऱ्याचे मी मनापासून स्वागत करते, कारण ‘विनामूल्य’ या शब्दाआड पुष्कळ वेगळे व्यवहार चालतात. कोठे पहिले तीन दिवस फुकट असतात आणि चौथ्या दिवशी हजारो रुपयांचा ‘प्रगत’ वर्ग विकला जातो. कोठे सराव म्हणून दिलेले काम प्रत्यक्षात कोणा क्लायंटचे असते आणि त्याचे पैसे शिकवणारा घेतो. फुकट शिकवणे आणि फुकट राबवून घेणे यांतील फरक ओळखायचा असेल, तर ‘मी आज जे केले ते उद्या कोण वापरणार आहे?’ असे सरळ विचारावे. आमच्या वर्गातील सरावाचा प्रत्येक कागद बनावट असतो आणि तपासून झाल्यावर तो विद्यार्थ्याकडेच राहतो. असे शिक्षण देणे जगावेगळेही नाही: या व्यवसायात अग्रेसर असलेल्या फिलिपिन्समध्ये तेथील सरकारच्या माहिती व दळणवळण तंत्रज्ञान विभागाने ग्रामीण भागातील लोकांना ऑनलाइन कामाचे विनाशुल्क प्रशिक्षण दिलेले आहे.

७. वर्ग किती दिवसांचा आहे आणि त्यात काय शिकवता?

आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस; एका तुकडीत १२ जण. बारापेक्षा जास्त घेतले की प्रत्येकाचे पत्र ओळीओळीने तपासणे होत नाही, आणि हे शिक्षण मुळात त्या तपासण्यातच आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत टंकलेखन, फाइलींना नावे देण्याची शिस्त आणि पत्रे. फाइलीचे नाव ‘नवीन अंतिम २’ असे ठेवणाऱ्याला महिन्याने स्वतःलाच ती सापडत नाही, म्हणून तारीख, क्लायंट आणि विषय या क्रमाने नाव देण्याची सवय लावली जाते. पुढचे दोन आठवडे गुगल शीट्स आणि कॅलेंडरचे. उरलेल्या काळात कोणते काम कोठवर आले ते दाखवणारी ट्रेलो किंवा असाना यांसारखी साधने, कॅनव्हावर साधी चित्रे, झूमवरील बैठकीची टिपणे आणि बिल तयार करणे.

पाचव्या आठवड्यापासून आमच्यापैकी एक जण ‘क्लायंट’ होतो. हा क्लायंट अर्धवट सूचना देतो, सकाळी सांगितलेले दुपारी बदलतो, एकाच वेळी दोन बैठका लावायला सांगतो आणि मधूनच दोन दिवस उत्तरच देत नाही. त्याच्याशी कसे वागायचे, कोणती गोष्ट विचारायची आणि कोणती आपल्या अखत्यारीत निकाली काढायची, यावर वर्गात सर्वांत जास्त चर्चा होते. साधने बदलत राहतात. हे कसब मात्र कोणत्याही साधनात उपयोगी पडते.

८. घरी अडचण आली आणि मध्येच काही दिवस येता आलं नाही तर?

आधी कळवून कितीही वेळा गैरहजर राहता येते आणि बुडालेला भाग आम्ही पुन्हा शिकवतो. न कळवता तीनदा गैरहजर राहिल्यास जागा प्रतीक्षा यादीतील पुढच्या व्यक्तीला दिली जाते. ‘आज जमणार नाही’ हे वेळेवर सांगणे हाच या व्यवसायाचा पाया असल्याने हा नियम आम्ही सैल करीत नाही.

९. प्रमाणपत्र मिळतं का?

मिळत नाही. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती स्वतः केलेल्या कामाचे सहा नमुने असतात आणि क्लायंटला तेच दाखवायचे असतात. प्रमाणपत्र हवेच असल्यास हबस्पॉट अॅकॅडमी या ऑनलाइन शाळेचे काही अभ्यासक्रम विनामूल्य आहेत.

१०. वर्ग संपल्यावर काम तुम्ही देता का? नाही तर पहिलं काम मिळवायचं कसं?

कामाची हमी आम्ही देत नाही आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहावे. पहिले काम मिळण्याचे दोन मार्ग आम्ही पाहिले आहेत. पहिला ओळखीचा: आपल्या माहितीतील डॉक्टर, सनदी लेखापाल, बचत गटाच्या अध्यक्षा, शेतमाल थेट ग्राहकाला विकणारे शेतकरी यांच्यापैकी ज्यांचे कागद अस्ताव्यस्त आहेत, त्यांना एक ठरावीक काम ठरावीक रकमेत करून देण्याचा प्रस्ताव द्यावा. ‘मी काहीही करीन’ असे म्हणणाऱ्याला कोणी काही देत नाही. ‘तुमच्या मागच्या वर्षीच्या बिलांची महिन्यानुसार यादी दहा दिवसांत करून देते’ असे म्हटले की समोरच्याला काय मिळणार ते दिसते.

दुसरा मार्ग काम देणारे आणि काम शोधणारे यांची गाठ घालून देणाऱ्या अपवर्कसारख्या संकेतस्थळांचा. तेथे प्रस्ताव पाठवण्यासाठी ‘कनेक्ट्स’ नावाची टोकने लागतात, ती संपल्यावर विकत घ्यावी लागतात, आणि कमाईतून शुल्क कापले जाते. त्यामुळे दिवसाला वीस ठिकाणी तोच मजकूर डकवण्यापेक्षा दोन जाहिराती नीट वाचून दोनच प्रस्ताव लिहावेत. कित्येक आठवडे उत्तर येत नाही. हा काळ जड जातो, म्हणून वर्ग संपल्यावरही दर शनिवारी माजी विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांचे प्रस्ताव तपासतात.

११. रात्रभर जागावं लागतं का? घरचे त्यालाच नको म्हणतात.

क्लायंट कोणत्या देशातला आहे आणि काम त्याच्या वेळेतच करायचे आहे का, यावर ते अवलंबून आहे. लंडनचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे १.३० आणि हिवाळ्यात २.३०, न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपली संध्याकाळ, उन्हाळ्यात ६.३० आणि हिवाळ्यात ७.३०. सिडनीच्या क्लायंटचा दिवस आपल्या पहाटेच सुरू होतो. मेल, हिशेब, पोस्ट यांसारखी पुष्कळ कामे आपल्या सोयीच्या वेळी करून ठेवता येतात, त्यामुळे रात्रपाळी टाळणे शक्य असते. मात्र हे बोलणे काम स्वीकारण्याआधी झाले पाहिजे.

घड्याळाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ असते, पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात. या दोन रविवारांच्या मधल्या काळात लंडन आणि न्यूयॉर्क यांतील अंतर पाचऐवजी चार तास असते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत याच काळात मी एक बैठक तासभर चुकीच्या वेळी लावली आणि तिघे जण रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिले. तेव्हापासून निमंत्रणात प्रत्येकाच्या शहराची वेळ मी वेगवेगळी लिहिते, आणि वर्गातही तसेच लिहून घेते.

१२. दर किती सांगायचा?

दुसऱ्यांचे दर पाहून नव्हे, आपल्या हिशेबावरून. समजा, महिन्याला २५,००० रुपये हवे आहेत आणि घर सांभाळून महिन्यात १०० तास प्रत्यक्ष बिलात लावता येतील, तर तासाला २५० रुपये पडतात. परंतु प्रस्ताव लिहिणे, बिल करणे, शिकणे यांचे तास बिलात लागत नाहीत. संकेतस्थळाचे शुल्क, चलन बदलताना होणारी घट, इंटरनेट आणि कर यांसाठी वर काही धरावे लागते. हे सर्व मिळवून आलेल्या आकड्याखाली जाऊ नये. पहिल्या क्लायंटला कमी दर द्यायचाच असेल तर ‘पहिल्या महिन्यापुरता’ असे लेखी नमूद करावे, अन्यथा तोच दर वर्षभर चिकटून राहतो.

१३. क्लायंट म्हणतो, आधी आठवडाभर फुकट काम करून दाखव. करू का?

करू नये. आपली पात्रता पाहण्यासाठी अर्ध्या तासाचा नमुना मागणे रास्त आहे, आणि तो बनावट माहितीवर देता येतो. आठवडाभराचे काम हा नमुना नसून काम आहे. त्याला उत्तर असे द्यावे: ‘मी तीन तासांचे चाचणीकाम माझ्या नेहमीच्या दराने करून देते, पसंत पडल्यास पुढे जाऊ.’ प्रामाणिक क्लायंट यावर नाराज होत नाही. दहा अर्जदारांना दहा वेगवेगळे तुकडे ‘चाचणी’ म्हणून देऊन पूर्ण काम फुकटात उरकून घेणारेही असतात, आणि नवशिक्यांच्या गरजेचा असा वापर पाहिला की फार वाईट वाटते.

१४. घरबसल्या कामासाठी कंपनीने नोंदणी शुल्क भरायला सांगितलं आहे. दुसऱ्या एका कंपनीने ‘काम चुकलं, दंड भरा’ अशी वकिलाची नोटीस पाठवली आहे. काय करावं?

काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. शुल्क मागितले की तेथेच थांबावे.

नोटिशीचा प्रकार अधिक क्रूर आहे, आणि आमच्याकडे आलेल्या काही मुली त्या भीतीने महिनोन्महिने झोपलेल्या नव्हत्या. त्याची रीत साधारण अशी असते. आधारकार्ड आणि सही घेऊन एक करार पाठवला जातो, पाच-सहा दिवसांत शेकडो अर्ज जवळजवळ शंभर टक्के अचूकतेने भरण्याची अट घातली जाते, संकेतस्थळ मुद्दाम बंद पडते किंवा अचूकता कमी दाखवली जाते, आणि मग ‘करारभंगा’पोटी काही हजार रुपये न भरल्यास अटक होईल असे फोन सुरू होतात. अशा खासगी करारातील दंड न भरल्यामुळे कोणाला अटक होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७४ नुसार करारात कितीही रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देऊ शकते, आणि न्यायालयाचे खरे समन्स व्हॉट्सअॅपवरून धमकावत, तासाभरात पैसे भरण्याची मुदत देत येत नाही. एक रुपयाही पाठवू नये, सर्व संदेश जपून ठेवावेत आणि राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर किंवा तिच्या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे आधीच गेले असतील तर पहिल्या काही तासांतच १९३० वर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

टेलिग्रामवर व्हिडिओंना पसंती देण्याचे किंवा हॉटेलांना तारे देण्याचे ‘टास्क’ हाही फसवणुकीचाच प्रकार आहे: सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरोखर दिले जातात आणि नंतर मोठी रक्कम भरायला लावली जाते. ‘तुमच्या खात्यात पैसे घ्या आणि पुढे पाठवा’ असे काम कोणी दिल्यास तत्काळ नकार द्यावा, कारण त्यात गुन्ह्याच्या पैशाला वाट करून देणारा म्हणून आपले नाव येते.

१५. परदेशातून पैसे कसे येतात? कर आणि जीएसटी भरावा लागतो का?

पैसे थेट बँकेत, किंवा पेपॅल, पेओनिअर, वाइज यांसारख्या सेवांतून येतात. पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातील व्यवहार थांबवले असले तरी परदेशातून पैसे घेणे चालू आहे. पॅन लागतो, आणि रक्कम कशासाठी आली याचा ‘पर्पज कोड’ द्यावा लागतो. पैसे आल्याची बँकेची पावती प्रत्येक वेळी जपून ठेवावी. अमेरिकी क्लायंट डब्ल्यू-८बेन नावाचा अर्ज मागतो तेव्हा घाबरू नये. आपण अमेरिकेचे करदाते नाही, एवढेच त्यात जाहीर करायचे असते.

भारतात राहून परदेशी क्लायंटकडून मिळवलेले उत्पन्न येथे करपात्र असते. संकेतस्थळाने शुल्क कापण्याआधीची रक्कम हे उत्पन्न आणि ते शुल्क हा खर्च, अशी नोंद ठेवावी. नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा जुन्या चित्रफितींवर विसंबू नये. वर्षातून एकदा सनदी लेखापालाला कागद दाखवावेत. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेल्यावर लागते, आणि त्या मोजणीत परदेशी रक्कमही धरली जाते. नोंदणीनंतर परदेशातील क्लायंटला दिलेली आणि परकीय चलनात मोबदला आलेली सेवा निर्यात ठरून तिला शून्य दर लागतो. त्यासाठी दर आर्थिक वर्षाला हमीपत्र सादर करावे लागते.

१६. क्लायंटने त्याच्या मेलचा आणि बँकेचा पासवर्ड दिला आहे. घ्यावा का?

बँकेचा कधीही घेऊ नये. मेलसाठी पासवर्डची गरजच नसते: जीमेलमध्ये क्लायंट आपल्याला प्रतिनिधी म्हणून जोडू शकतो, मग आपण त्याचा मेल वाचू आणि पाठवू शकतो, पण त्याचा पासवर्ड बदलू शकत नाही. कॅलेंडर आणि फेसबुक पान यांनाही अशीच मर्यादित परवानगी देता येते. हे क्लायंटला आपणहून सुचवावे. त्याचा विश्वास वाढतो आणि उद्या काही गहाळ झाले तर संशय आपल्यावर येत नाही. जेथे पासवर्डवाचून गत्यंतर नसते तेथे पासवर्ड सुरक्षित ठेवणाऱ्या बिटवर्डनसारख्या डिजिटल तिजोरीतून तो घ्यावा, वहीत किंवा व्हॉट्सअॅपवर नव्हे. काम संपले त्या दिवशी ‘माझ्या सर्व परवानग्या काढून टाकाव्यात’ असे पत्र आपणच पाठवावे.

१७. चॅटजीपीटी आल्यावर हे काम राहील का?

काही काम गेले आहे. ध्वनिफीत ऐकून टाइप करणे, साध्या पोस्टचा पहिला मसुदा, बैठकीचा गोषवारा यांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले होण्याआधी जे तास मिळत, ते आज तितके मिळत नाहीत, आणि नवशिक्याला हे सांगितलेच पाहिजे. राहिले आहे ते काम ताळा पाहण्याचे, पाठपुराव्याचे आणि माणसे ओळखण्याचे: कोणत्या ग्राहकाला आज आठवण पाठवू नये, हे त्याच्या घरी दुःखद घटना घडल्याचे ठाऊक असणारा सहायकच सांगू शकतो. वर्गात पहिले चार आठवडे ही साधने वापरू दिली जात नाहीत, कारण स्वतःला चूक दिसत नसेल तर यंत्राची चूकही दिसणार नाही. त्यानंतर ती शिकवली जातात. मात्र क्लायंटच्या ग्राहकांची नावे, फोन किंवा आजाराची माहिती त्याच्या लेखी संमतीवाचून त्यांत टाकायची नाही. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण तो नसता तरी हा नियम आम्ही ठेवला असता.

१८. मी शासकीय सेवेत आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. बहीण अमेरिकेत एच-४ व्हिसावर आहे. आम्ही तिघींनी वर्ग केला तर चालेल का?

शिकण्यास तिघींनाही अडचण नाही. अडचण कमावण्याची आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ शासकीय कर्मचाऱ्याच्या खासगी व्यवसायावर निर्बंध घालतात, म्हणून पूर्वपरवानगीशिवाय काम घेऊ नये. १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही आणि अपवर्कसारखी संकेतस्थळेही तिला खाते उघडू देत नाहीत. मुलीने शिकून नमुने तयार ठेवावेत, आईच्या नावाने खाते चालवू नये. एच-४, म्हणजे तेथे नोकरीसाठी गेलेल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, रोजगार परवान्याशिवाय काम करता येत नाही. २०१५ पासून हा परवाना अशा काही जोडीदारांना मिळू लागला आहे, ज्यांच्या पतीची किंवा पत्नीची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेली आहे. क्लायंट भारतातला आहे आणि पैसे भारतातील खात्यात येतात, एवढ्याने प्रश्न सुटतो असे समजू नये. तेथील स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे.

१९. आमच्या गावात असाच वर्ग सुरू करायचा आहे. माझ्याकडे क्लायंटचं काम जास्त आहे; ते शिकणाऱ्यांकडून करून घेतलं तर त्यांना सराव होईल आणि मलाही मदत होईल. चालेल ना?

वर्ग जरूर सुरू करावा आणि सरावाचे आमचे सर्व कागद मागून घ्यावेत. चार जणांपासून आरंभ करावा. स्वतःच्या कमाईच्या वेळेवर वर्गाचे अतिक्रमण होऊ देऊ नये, कारण शिकवणाऱ्याचेच काम बुडाले तर दोन महिन्यांत वर्ग बंद पडतो.

दुसऱ्या भागाला मात्र आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, जरी विचारणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी. क्लायंटने आपली माहिती तुमच्या हाती दिलेली असते, तुमच्या वर्गाच्या नव्हे. आणि ज्या कामाचे तुम्हाला पैसे मिळतात ते दुसऱ्याकडून विनामोबदला करून घेतले की त्या दिवसापासून ते शिक्षण राहत नाही. शिकणारा नाही म्हणू शकत नाही, कारण त्याला तुमच्याकडून शिकायचे असते. काम खरोखर जास्त असेल तर क्लायंटला सांगून, त्याची लेखी संमती घेऊन, वर्ग पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला ठरलेल्या दराने ते द्यावे, त्याच्या कामाची जबाबदारी आपण घ्यावी आणि पैसे क्लायंटकडून येण्याची वाट न पाहता ठरल्या तारखेला द्यावेत. आमच्यापैकी दोघींनी असे केले आहे. त्यातल्या एका विद्यार्थिनीला पुढे तो क्लायंट थेट काम देऊ लागला, तेव्हा आम्ही मध्ये राहिलो नाही.